हळदीची आणि कुंकवाची काडतुसं

चि. निखिल आणि चि. अदिती,

रविवारी फोनवर निखिलने मला त्याच्या शेजाऱ्याचं गॅरेज दाखवलं. भिंतीला फळ्या, फळ्यांवर पाण्याचे कॅन, डबाबंद कडधान्यं, मेणबत्त्या, औषधं. आणि कोपऱ्यातल्या टेबलाला घट्ट बसवलेलं, दांडा असलेलं एक यंत्र. त्यावर तो गृहस्थ बंदुकीची रिकामी काडतुसं पुन्हा भरतो. निखिल म्हणाला, "आजी, तो मलाही शिकवणार आहे. तू असलं काही कधी पाहिलं नसशील." पाठीमागून तुमची आई म्हणाली, "तिला कशाला दाखवतोस, घाबरेल."

मी पाहिलं आहे. पुष्कळ वेळा, दारात बसून. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं म्हणून गप्प राहिले. आता टेबल आवरून, चष्मा पुसून सावकाश लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. तसा प्रयत्न करून पाहिला, पण जिची ही गोष्ट आहे ती भागरताबाई इंग्रजीत बोलेचना. जिथे अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा तुमच्या आजोबांची दरेकशाला स्टेशनमास्तर म्हणून बदली झाली. आज तो गोंदिया जिल्हा आहे, तेव्हा भंडारा होता. स्टेशन एवढंसं, चारही बाजूंना डोंगर आणि जंगल, खाली नाल्याच्या काठाने धानाची शेतं. मी नागपूरहून बी. ए. होऊन आलेली, पुस्तकांची पेटी बरोबर घेऊन. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक उंच, हाडकुळी बाई न विचारता थेट स्वयंपाकघरात आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कपाळ मोकळं. तिने माझे डबे एकेक करून उघडले, आत पाहिलं आणि झाकणं लावली.

"मास्तरीनबाई, मीठ एवढंच?"

मी म्हटलं, "संपलं की गोंदियाहून आणू. गाडी आहे ना दारात."

"गाडीच्या भरवशावर राहून राहिल्या का तुमी?" ती म्हणाली. "पावसाळ्यात रूळ धुपला मंग? मास्तर का शिट्टी वाजवून मीठ आननार?"

ही भागरताबाई. गावच्या मेलेल्या पाटलाची, हिरामणची बायको. एकुलता एक मुलगा शिवलाल. घर रुळापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि त्या घराची मागची खोली म्हणजे आख्ख्या गावाच्या चेष्टेचा विषय आणि आख्ख्या गावाचा आधार. तिथे वैशाखातच मिठाच्या घागरी, गुळाच्या ढेपा, मोहफुलं, राखेत घोळलेली बियाणं, घासलेटचे डबे आणि तेलकट कापडात गुंडाळलेल्या काडेपेट्या येऊन बसायच्या. जमिनीला काही टेकलेलं नसायचं. सगळं मचाणावर नाहीतर शिंक्याला. "जमीन पानी पेते, मंग आपलं खाते," असं ती म्हणायची. एखादी वस्तू अर्धी झाली की तिच्या दृष्टीने ती संपलेलीच. गोंदियाचा दुकानदार तिला पाहून हिंदीत हसायचा, "आ गयी, बाई, पूरी दुकान उठाने?" त्यावर ती म्हणायची, "तुमची दुकान राहू द्या. पोती मोजून द्या."

त्या पावसाळ्यात खरोखरच घाटात दरड कोसळली आणि गाड्या बंद पडल्या. मी वाटी घेऊन तिच्याकडे गेले. तिने वाटी घेतली, भरून दिली, आणि एवढंच म्हणाली, "मी हसून नाही राहिली, मास्तरीनबाई. पन मले हसू येऊन राहिलं." तेव्हापासून आमची मैत्री.

काडतुसांचं सांगायचं तर त्या काळी परवान्याची बंदूक पिकाच्या राखणीला मिळायची. बंदूक मिळायची, पण काडतुसं मिळायची नाहीत. बाहेरचा माल कमी झाला होता, आणि दुकानात आला तरी वरच्या वर शिकाऱ्यांकडे जायचा. म्हणून पितळेची रिकामी काडतुसं टाकून न देता घरी भरायची रीत होती. बहुतेक घरांत ते काम पुरुष करायचे, अंगणात, विडी ओढत, गप्पा मारत. शिवलालच्या बंदुकीची काडतुसं मात्र भागरताबाई भरायची, आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही.

त्या दुपारी चूल विझवून वर पाणी शिंपडलेलं असायचं. केसांना ओलं फडकं. मांजर बाहेर, पोरं बाहेर. आणि बोलायचं नाही. मला उंबऱ्यावर बसायची परवानगी होती ती एकाच अटीवर, की शिंक आली तर अंगणात जायचं. एकदा मी विसरून विचारलं, "भागरताबाई, हे किती वेळ चालेल?" तिने हातातलं खाली ठेवलं, भरत आणलेली सगळी रांग पुन्हा रिकामी केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. रागावली नाही. पण मी पुन्हा कधी बोलले नाही.

काडतुसात बारूद आणि छरे यांच्या मध्ये जाड नमद्याच्या, म्हणजे फेल्टच्या, चकत्या लागतात. आजोबांची एक जुनी फेल्टची हॅट होती, कॉलेजच्या दिवसांतली, त्यांना फार प्रिय. कसर लागली म्हणून मी ती भागरताबाईला देऊन टाकली. काही दिवसांनी आजोबांनी हॅटची चौकशी केली, तर शिवलाल आदराने म्हणाला, "मास्तरसाहेब, तुमची टोपी रानडुकराच्या पोटात गेली." आजोबा दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

भरून झालं की तोंडाशी मेण ओतायचं आणि त्यावर बोटाने ठिपका द्यायचा. ठिपका कुंकवाचा असेल तर आत मोठे छरे, डुकरासाठी. हळदीचा असेल तर बारीक, पाखरांसाठी. तिला अक्षरओळख नव्हती आणि हे दोन रंग हाताशी होते. कुंकू तिच्या स्वतःच्या करंड्यातलं होतं. नवरा गेल्यावर तो करंडा कोणी उघडला नव्हता. मी त्याकडे पाहत राहिले होते, ते तिच्या लक्षात आलं. काम आटोपल्यावर म्हणाली, "माह्या कपाराले लागत नाही आता. मंग वाया कायले जाऊ देऊ?"

आता या सगळ्याकडे गाव कसं पाहत होतं ते समजून घ्या. बंद दार, ओलं डोकं, मौन, आणि शेवटी हळदकुंकू. गावाने ठरवलं की ही बाई मंत्र घालते. मराठीत भरलेली आणि भारलेली या दोन शब्दांत एका कान्याचा फरक आहे, तुमची आई दाखवील. भागरताबाईची काडतुसं भारलेली, ती चुकत नाहीत, असा लौकिक डोंगरापलीकडच्या टोल्यांपर्यंत, म्हणजे वाड्यावस्त्यांपर्यंत, गेला होता. माणसं कोंबडं घेऊन यायची आणि एक काडतूस मागायची. ती कोंबड्यासकट परत पाठवायची. "भारलेली नोहोय रे, भरलेली आहे," असं म्हणून म्हणून तिचा घसा सुकायचा. पण मी हेही पाहिलं आहे की एकट्या विधवेच्या शेताच्या बांधाला त्या लौकिकामुळे कोणी हात लावत नसे. दीर-भावकीतलं कोणी शिवलालच्या वाट्याबद्दल तोंड उघडत नसे. ती नाकारायची, पण फार जोरात नाही.

हिरामण पाटलाबद्दल मला एवढंच माहीत होतं की मोहाच्या हंगामात अस्वलाने त्याला मारलं, हातात बंदूक असताना. त्याबद्दल ती बोलत नसे. शिवलाल बंदूक घेऊन निघाला की तो परत येईपर्यंत ती बसत नसे, एवढं मात्र मी पाहत होते. उभ्याने धान पाखडायची, उभ्याने पाणी प्यायची. तो बांधावर दिसला की मग टेकायची.

शिवलालचं लग्न झालं आणि सेवंता घरात आली. गोड, धांदरट, देवभोळी मुलगी. त्या वर्षीचा तिचा पहिला दसरा. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते. आधीच्या वर्षांत शिवलाल स्वतःच बंदुकीवर एक फूल ठेवून मोकळा व्हायचा. भागरताबाई विधवा म्हणून पूजेपासून दूर राहायची. या वर्षी सवाष्ण सून होती. भागरताबाई तिला म्हणाली, "सगळ्याची पूजा करजो, काही सोडू नोको," आणि सकाळच्या गाडीने गोंदियाला गेली. दसऱ्याला दुकानं बंद राहतील, त्याआधी काडतुसाच्या बुडाशी बसवायच्या टोप्या आणि मेण आणून ठेवायचं होतं.

त्या दिवसांत एक सुळेवाला डुक्कर नाल्याकाठच्या धानात शिरत होता. कोणाचा तरी भाला लागून तो जखमी झाला होता आणि आदल्या दिवशी त्याने एका लाकूडतोड्याची मांडी फाडली होती. त्या माणसाला गोंदियाच्या दवाखान्यात न्यायला आजोबांनी मालगाडी थांबवली होती.

दुपारच्या पॅसेंजरमधून भागरताबाई उतरली. सेवंताने मला प्रसादाला बोलावलं होतं म्हणून आम्ही बरोबरच तिच्या घरी निघालो. ओसरीवर पाटावर विळे, कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ असं सगळं झेंडूने सजवलेलं. मध्ये बंदुकीची जागा रिकामी होती. तिच्या शेजारी काडतुसांचा डबा उघडा होता.

भागरताबाईने डब्यात पाहिलं. प्रत्येक काडतुसावर दोन ठिपके होते, एक हळदीचा, एक कुंकवाचा, शेजारी शेजारी, सुरेख. जुने ठिपके त्यांच्याखाली पार मिसळून गेले होते.

"शिवलाल कुठं आहे?" तिने विचारलं.

"डुक्कर नाल्यात दडला मनून दसरू कोतवाल बोलवाले आला," सेवंता म्हणाली. "हे अंगनातूनच मनले, कुंकवाची दोन दे. मी दिली." मग सासूचा चेहरा पाहून ती घाईने म्हणाली, "कुंकवाचीच दिली, आत्याबाई. पाहून दिली."

भागरताबाईने एक काडतूस उचललं, तळहातावर तोललं, दुसरं उचललं. मग दोन्ही खाली ठेवली. मी म्हटलं, "हातात धरून कळत नाही का?"

"वाटते," ती म्हणाली. "वाटलेल्यावर पोरगा कसा उभा करू?"

ती निघाली. पायातल्या वहाणा ओसरीवरच राहिल्या. मी तिच्या मागे. रुळाच्या भरावावरून नाल्याच्या मोरीपर्यंत वाट होती. ती धावत नव्हती, पण मला धावावं लागत होतं. पलीकडून डबे बडवल्याचा आवाज येऊ लागला होता, म्हणजे जनावर उठवायचा हाका सुरू झाला होता. जखमी डुक्कर नाल्यातल्या बांबूच्या जाळीत होता आणि त्याला बाहेर पडायला एकच तोंड होतं. त्या तोंडाशी, उघड्या बांधावर, शिवलाल बंदूक रोखून उभा होता. मागे दसरू कोतवाल आणि तीन-चार माणसं. त्यांच्याजवळ मोहाचं एक झाड होतं, पण कोणी झाडाकडे पाहतही नव्हतं. कशाला पाहतील?

"शिवलाल," ती म्हणाली. "झाडावर चढ."

त्याने मान न वळवता हाताने थांब म्हणून खूण केली.

"चढ मनतो ना. काडतुसाचा भरवसा नाही. हळदीची आहे का कुंकवाची, कोनालेच माहीत नाही."

दसरू हसला. तो वाईट माणूस नव्हता. "काकी, आज तर दोन्ही लागले. हळद बी अना कुंकू बी. आज त डबल भारली."

"भारली नाही रे," ती म्हणाली.

"तुमी असंच मनता," दसरू म्हणाला, आणि बाकीचे मान डोलवू लागले. शिवलालच्या कानशिलाला घाम आला होता, तरी तो हलला नाही. नवं लग्न झालेला जवान मुलगा, चार माणसांसमोर आई झाडावर चढ म्हणते आहे. डब्यांचा आवाज जवळ आला. जाळीत काहीतरी मोडलं.

तेव्हा ती त्याच्या शेजारी बांधावर जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात, मोठ्याने नाही, म्हणाली, "तुह्या बापाच्या बंदुकीत माह्या हातचं काडतूस होतं."

शिवलालने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"मी भरून राहिली होती अना शेजारीन आली. तिच्या पोराच्या सोयरिकीच्या गोष्टी सांगे. आमी हासलो. त्या हासन्यात एका काडतुसात बारूद टाकाची राहिली. अस्वल समोर आली तवा नुसतं ठक वाजलं. संग गेलेल्या मानसानं मले सांगतलं, मंग तोबी मेला. अस्वलीनं नाही मारला तुहा बाप, मी मारला. आता चढ."

डबे पलीकडे वाजतच होते. शिवलाल आईकडे पाहत एक पाऊल मागे सरला, मग वळला, बंदूक खांद्याला अडकवली आणि मोहावर चढला. बाकीची माणसंही भरावाकडे पळाली. मी भागरताबाईचा हात धरून तिला ओढलं. ती ओढू देत होती, पण डोळे झाडावर होते.

डुक्कर बाहेर आला तो सरळ त्याच बांधावरून. शिवलालने वरून बार टाकला. आवाज झाला, धूर झाला, डुकराने अंग झाडलं, जसं पाणी झाडावं. बारीक छरे. शिवलाल जिथे उभा होता तिथल्या मातीत डुकराने सुळे घातले, बांधाचा हातभर तुकडा उडवला आणि जंगलात निघून गेला.

शिवलाल खाली उतरला. आईजवळून गेला, थांबला नाही. घरापर्यंत आम्ही तिघं एकामागे एक चालत गेलो.

ओसरीवर सेवंता रडत बसली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलं होतं. भागरताबाईने पाय धुतले, पदराने पुसले आणि तिच्यासमोर बसली.

"तू पूजा केली," ती म्हणाली. "मीच मनलं होतं, काही सोडू नोको. हळदकुंकू देवाचं. मी त्याले खुनेले लावलं. चुकलं त माह्यं चुकलं. उठ, पाहुनी आली, पर्साद दे."

मी प्रसाद घेतला आणि घरी आले. आजोबांना सांगताना मला नीट सांगता आलं नाही.

त्यानंतर कोंबडी घेऊन येणारी माणसं थांबली. बांधावरून भावकीची कुरबुर सुरू झाली, ती पुढे बरीच चालली. गोष्ट टोल्याटोल्यांत वेगवेगळी होऊन फिरली. कोणी म्हणे बाईने नवऱ्याला मुद्दाम मारलं. भागरताबाईने कोणाला खुलासा दिला नाही. डब्यातली सगळी काडतुसं तिने एका दुपारी उकलून रिकामी केली आणि नव्याने भरली. मोठ्या छऱ्यांच्या काडतुसाला काळ्या दोऱ्याचे दोन वेढे, बारीकला काही नाही. करंडा तिने सेवंताला दिला.

शिवलाल आईशी बोलत नव्हता. भाकर तिच्या हातची खायचा, विचारलेल्याला हो-नाही म्हणायचा, तेवढंच. ती त्याच्यासमोर जायचं टाळायची नाही आणि समजूतही घालायची नाही. मला एकदा म्हणाली, "जिता आहे ना. बोलन तवा बोलन."

उन्हाळ्यात आमची बदली झाली. निघायच्या आधी मी निरोप घ्यायला गेले होते, तेव्हा ती म्हणाली, "गाडीवर येनार नाही, मास्तरीनबाई. आज दुपारी भराचं आहे." मला जरा लागलं, खोटं कशाला सांगू. पण डाळ, मीठ आणि काडेपेट्यांचं एक गाठोडं तिने आधीच स्टेशनवर पाठवून दिलं होतं. आम्ही नागपूरला चाललो होतो, जिथे दुकानं होती.

गाडी हलली तेव्हा मी खिडकीशी बसून त्या घराकडे पाहत राहिले. ऊन कडक होतं. अंगणात खाटेवर रिकामी पितळी काडतुसं वाळत घातली होती. मागच्या खोलीचं दार बंद होतं. आणि त्या बंद दाराला पाठ लावून, पायरीवर, गुडघ्यावर हात ठेवून शिवलाल बसला होता, आत कोणी जाऊ नये म्हणून. समोरून एक म्हातारी काहीतरी विचारत आली, तर त्याने तिला हातानेच परत लावलं. मला पाहून त्याने तोच हात थोडा वर केला. आत हाक मारली नाही. मग गाडी वळणावर गेली.

त्यानंतर मी भागरताबाईला पाहिलं नाही. पुष्कळ वर्षांनी ती गेल्याचं कळलं. निखिल, तुला शिकायचं असेल तर ते तू आणि तुझे आईवडील ठरवा. मी हो किंवा नको लिहिणार नाही. हे वाचून ठरव, एवढंच.

मागच्या वर्षी माझा भाचा दरेकशाला जाऊन आला. घर पाडून तिथे सिमेंटचं झालं आहे. शिवलाल नाही. त्याची बंदूक केव्हाच सरकारजमा झाली. सेवंता आहे, तिला कमी ऐकू येतं, पण भाच्याने माझं नाव सांगितल्यावर तिने मला ओळखलं. त्या घरात खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांवर आजही नुसती झेंडूची फुलं ठेवतात, हळदकुंकू लावत नाहीत. भाच्याने का म्हणून विचारलं, तेव्हा तिच्या नातसुनेने सांगितलं, आमच्यात तशीच रीत आहे.

तुमची आजी